आईंना वाचून दाखवलेली पत्रं

पाकीट फोडायच्या आतच आईंनी विचारलं, "किती पानं आहेत गं?"

"तीन," रुचिरा म्हणाली. होती पाच.

नोव्हेनाच्या दवाखान्यातली सकाळपाळी आटपून ती नुकतीच क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर पोचली होती. काचबिंदूने आईंचे दोन्ही डोळे गेले होते, पण पत्र आलेल्या दिवशी सुनेची पावलं वेगळी वाजतात, असं त्या म्हणत.

पद्माकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बोटीवर इंजिनियर. दोन वर्षांमागे, चौऱ्याण्णव साली, त्याची बोट दुरुस्तीसाठी आइसलंडच्या एका लहानशा गावाला लागली. महिन्याभराने बोट निघाली. पद्माकर निघाला नाही. त्याला तिथल्या वर्कशॉपात चांगलं काम मिळालंय, एवढंच आईंना ठाऊक होतं.

सुरुवातीला पाकिटावर आईंचं नाव असे. गेलं वर्षभर ईशाचं येत होतं. दहा वर्षांच्या ईशाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि बापाचं काही ऐकायचंही नव्हतं.

"परत त्याचे ते शीप, इज इट? आय डोन्ट वॉन्ट, लाह," असं इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

'प्रिय ईशू', असं वर लिहिलं होतं. रुचिराने वाचलं, "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार."

आईंनी पदर सावरला.

"या महिन्यात मेंढ्या खाली आणल्या. उन्हाळाभर त्या डोंगरात मोकळ्या चरतात. मग एक दिवस सगळं गाव वर जातं. पोस्टमास्तर, पाद्री, शाळेतली पोरं, मासळीच्या कारखान्यातल्या बाया, सगळी. मेंढ्या गोल कुंपणात कोंडतात आणि कानावरच्या खुणा बघून ज्याची तो ओढून नेतो. हजारो मेंढ्या, पण एकही चुकीच्या घरी जात नाही."

"आणि मासळी?"

"चौकटींवर टांगून वाऱ्यावरच वाळवतात. मीठसुद्धा लावत नाहीत."

"म्हणजे आमच्या हर्णैसारखंच की!" आईंचा चेहरा उजळला. "वास येत असेल ना रे, पद्मा?"

पुढची ओळ होती, 'सिग्रूनने मला लोकरीचा स्वेटर विणला.' रुचिराने वाचलं, "मी लोकरीचा स्वेटर घेतलाय, काळजी करू नकोस." सिग्रूनचं नाव पत्रात सात वेळा होतं. सातही वेळा रुचिराची जीभ अडखळली नाही. आता सवय झाली होती.

चार वाजता बुओना व्हिस्टाहून उल्कावहिनी आल्या. त्यांचे यजमान मनोहरही बोटीवरचे. पद्माकरने तिकडे दुसरं घर मांडल्याची बातमी बंदरावर त्यांनीच ऐकली होती. चहा ठेवायला दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

"अजून त्या मेलीचं नाव आईंना सांगितलं नाहीस?" वहिनींनी हळू आवाजात विचारलं.

"नाही."

"आणि हल्ली आईच्या नावाने पत्र नाही. तोंड दाखवायची लाज वाटत असेल! मनोहर म्हणत होते, पत्ता द्या, चांगला खरमरीत कागद लिहितो त्याला."

"नको, वहिनी. पत्ता नको. झालं ते झालं."

"अगं, पण किती दिवस झाकशील?"

रुचिराने गॅस बारीक केला. "आईंना खरं कळलं तर त्या जातील हो. मग मला इथे कोण आहे?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोटची लेक एवढं करायची नाही. यंदा गणपतीत मंडळाने आरतीचा मान तुला दिला, तो काय उगाच?"

वहिनी गेल्यावर आईंनी कागद घ्यायला सांगितला. दर पत्राला त्या उत्तर सांगत आणि रुचिरा लिहून घेई.

"लिही. मी धडधाकट आहे. डोळे गेलेत, पाय शाबूत आहेत. थंडीचं मला सांगू नकोस, हर्णैची बाई वाऱ्याला भीत नाही. एकदा मला बोलव. तुझ्या तोंडावरून हात फिरवायचाय, बाकी काही नको." त्या थांबल्या. "जास्त झालं का गं?"

"नाही, आई."

"मग वाच बघू."

रुचिराने शब्दन् शब्द वाचून दाखवला. एक अक्षरही इकडचं तिकडे केलं नव्हतं. पाकीट चिकटवल्याचा आवाज ऐकून आई समाधानाने आडव्या झाल्या आणि थोड्याच वेळात त्यांचा डोळा लागला.

ते पाकीट रुचिराने कपाटात, आधीच्या अकरा पाकिटांवर ठेवलं. मग पद्माकरच्या पत्राची उरलेली दोन पानं घेऊन ती खिडकीशी बसली.

'ईशू, समुद्राकडची खोली अजून रिकामीच आहे. सिग्रून म्हणते, तिथे सामान ठेवू. माझं मन होत नाही. आजीसाठी विमानाचं तिकीट धाडलं, आणि त्यानंतर आठ दिवसांतच तुझ्या आईचं पत्र आलं. शेवटी तिचं सगळं तुझ्या आईनेच केलं. मी तोंडात पाणी घालायलाही नव्हतो. परवा वर्ष झालं. इथे भटजी कुठला मिळणार? मीच भात शिजवून किनाऱ्यावरच्या खडकावर ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो. इथले कावळे घारीएवढे असतात. एक आला आणि लगेच शिवला. म्हणजे आजीची काहीच इच्छा मागे राहिली नव्हती, बाळा.'