आईंच्या आवडीचं

“आई, सूप टोमॅटोचं करू की मशरूमचं?”

सुनेनं पलंगाशी खुर्ची ओढली. सासूबाईंना बोलता येत नव्हतं. उन्हाळ्यात झटका आला, त्यात वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. घास गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. तेव्हापासून पातळ खिमटीवरच त्या होत्या. डोकं मात्र शाबूत होतं. मान हलवून त्या हो-नाही सांगायच्या.

“मशरूमचंच करते. वरून घट्ट साय घालते, तुम्हाला लागते तशी.”

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

हिवाळ्याची सुट्टी लागली की या घरात मोठं जेवण व्हायचं. बेत सासूबाई ठरवायच्या, ओट्याशी सून राबायची. पाहुणे बसले की सासूबाई पहिला घास घ्यायच्या, चमचा खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आमच्या सूनबाईंच्या हाताला गुण आहे हो. भांडी काय लख्ख निघतात!” टेबलभर हशा पिकायचा. सूनही हसायची.

यंदा नवऱ्याचा जीव होत नव्हता. “आई अशी पडलेली, आणि आपण पंगत मांडायची?”

“अहो, म्हणूनच मांडायची,” सून म्हणाली. “नाहीतर त्यांना वाटेल, आपण मोडीत निघालो. टेबल त्यांच्याच खोलीत लावू. खाता नाही आलं तरी माणसांत तर असतील.”

नवऱ्याला भरून आलं. दवाखान्याच्या खेपा हीच करायची, नळीतून दूध-पाणी हीच घालायची, अंथरूण हीच बदलायची. आई हिला किती घालूनपाडून बोलली होती, ते त्यानं कानांनी ऐकलं होतं. तेव्हा तो ताटात बघत राहायचा.

रोज संध्याकाळी सून बेत घेऊन पलंगाशी बसू लागली. मासा लोण्यात भाजायचा की लिंबाच्या रसात मुरवायचा? कोंबडीची साल कुरकुरीत हवी, तर आधी कोरडी किती पुसायची? बटाटे कोंबडीच्या रसातच शिजवले तर? सगळं ती सावकाश सांगायची, जसं काही समोर ताटच वाढतेय. ऐकता ऐकता सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सून रुमालानं टिपायची.

एकदा त्यांनी डाव्या हातानं नळीच उपसायला घेतली. सुनेनं वेळेवर धरलं, आणि त्या हाताला जाड मोजा चढवून मनगटाशी नाडी बांधली.

“बिचाऱ्या कंटाळल्यात,” तिनं नवऱ्याला सांगितलं.

जेवणाच्या दिवशी दुपारीच नणंद आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिनं वहिनीला मिठी मारली. “वहिनी, पोटची मुलगी मी, पण माझ्यानं हे झालं नसतं गं.”

“असं काय बोलता वन्सं? आधी हे पुडिंग चाखून बघा. संत्र्याचा वास येतोय ना?”

खोलीत टेबल लागलं. पांढरी चादर, चांगली काचेची भांडी, मधोमध वाफाळती कोंबडी. सासूबाईंना पाठीला उशा देऊन बसवलं. सुरुवातीला सगळे जरा संकोचले, पण सूप वाढलं आणि जिभा सैल झाल्या. नणंदेच्या नवऱ्यानं तर हाडंसुद्धा चोखली.

तेवढ्यात सासूबाईंनी मोजा घातलेला हात लेकाच्या बाहीत अडकवला. त्याला ओढलं. तोच हात स्वतःच्या ओठांवर आपटला. पुन्हा आपटला. घशातून कसलासा आवाज काढला.

लेकानं घास खाली ठेवला. “आई, खायचंय का तुला?”

सासूबाई जोरजोरात मान हलवू लागल्या.

“थोडंसं सूप लावू का गं जिभेला?” त्यानं बायकोला विचारलं.

“मन होणारच हो त्यांना,” सून हळूच म्हणाली. “पण श्वासनलिकेत गेलं तर? मग जन्मभर स्वतःला माफ कराल का?”

लेकानं आईचा हात बाहीतून अलगद सोडवला आणि चादरीवर ठेवला. नणंद डोळे पुसत म्हणाली, “वहिनी, तू आहेस म्हणून आई आहे.”

पुडिंग आणायला सून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा फोन वाजला. दवाखान्यातल्या बाई होत्या, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या.

“उद्यापासून आम्हाला सुट्टी, म्हटलं आजींची चौकशी करावी. मागच्या महिन्यात तपासणी इतकी छान आली! आता सगळं खा म्हटल्यावर रडल्याच हो आनंदानं. तुमच्या घरच्या नर्सनं नळी नीट काढली ना? जेवतात ना आता?”

“हो तर,” सून म्हणाली. “अगदी चवीनं जेवतात.”