जावईबापूंची पात

"सासूबाई, यंदा चातुर्मास लागायच्या आत आमच्या परसातल्या पातीचा झुणका तुम्हाला खायला घालतो. नाही घातला तर श्रीरंग नाव लावणार नाही!"

"इथं कॅनडात, कॅलगरीत?" सासूबाई हसल्या. "अहो जावईबापू, तुमच्याकडं साधी तुळस जगत नाही."

झालं, श्रीरंग इरेला पेटला. मे महिन्यात पातीनं डोकं वर काढलं आणि त्यावर बर्फ पडलं. त्यानं वाफ्यावर सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी पांघरली. पात जगली, पण वाढेना. उद्या आषाढी एकादशी, उद्यापासून कांदा बंद, आणि आज दशमीला कुठं ती कापण्याजोगी झाली, तर गारा सुरू! श्रीरंग वाफ्यावर छत्री धरून उभा राहिला. कपाळावर टेंगूळ आलं, पण पात वाचली.

संध्याकाळी झुणका झाला. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, झुणका घेतला, घास तोंडापाशी नेला. श्रीरंग श्वास रोखून बघत होता. तेवढ्यात साताऱ्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"अक्का, साबुदाणा भिजवलास ना? आज एकादशी!"

"अहो, तिकडं सकाळ झालीय! इथं अजून दशमीच आहे!" श्रीरंग ओरडला.

"एकादशी काय गावागणिक वेगळी असते?" सासूबाईंनी घास ताटात ठेवला. "आता चार महिन्यांनी."

चातुर्मास सुटला त्या दिवशी परसात गुडघाभर बर्फ होतं, वाफा कुठं तेही दिसेना. श्रीरंगनं अंदाजानं फावडं घातलं. खाली शेजारणीचे गुलाब निघाले.