लेकीच्या घरचं पाणी

"हे नको. ह्या खोलीत चहा करायची सोय दिसंना," किशनराव मोबाइलवर बोट आपटत म्हणाले, "दुसरं दाखव."

सकाळपासून हे तिसरं हॉटेल. मेलबर्नहून स्नेहा एकेक फोटो पाठवत होती आणि खटकचिंचोळीत ओसरीवर बसून तिचे वडील ते नापास करत होते. पहिल्याची खिडकी रस्त्याकडं. दुसऱ्यात संडास पलंगाला चिकटून. डिसेंबरात दहा दिवस लेकीकडं जायचं ठरलं होतं, आणि या गृहस्थांचा थाट असा की जसं काही हॉटेल विकतच घ्यायचंय! वर फोनचा आवाज असा मोठा ठेवलेला, की अख्ख्या आळीनं ऐकावं.

शेजारचे तिप्पण्णा चहाला आले होते. "लेकीचं घर असताना हॉटेल कामून हो, अण्णा?"

"लेकीला मूल व्हईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत न्हाईत. आमच्यात रीत हाय. विमानात बसलं म्हणून रीत सोडायची व्हय?"

तिप्पण्णांनी मान डोलावली. "आता असली माणसं ऱ्हायली न्हाईत."

आतल्या उंबऱ्याशी सत्यभामाबाई गवार मोडत बसल्या होत्या. रीत म्हणे! थोरल्या पवित्राच्या लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा हाच माणूस उदगीरला तिच्या घरी जाऊन मटणाचा रस्सा ओरपून आला होता. दोनदा मागून घेतला होता. तेव्हा कुठं गेली होती रीत? पण पवित्राचा नवरा जातीतला. स्नेहानं लग्न केलं ते निर्णा गावच्या रत्नपालशी. कॉलेजात बरोबर शिकलेला, नोकरीला चांगला, बोलायला गोड. फक्त बौद्ध. बस्स, एवढंच.

तीन वर्षांत किशनरावांनी तोंडानं कधी जात काढली नाही. उलट चारचौघांत सांगायचे, 'आमी असलं काय मानत न्हाई.' गेल्या दिवाळीत रत्नपालची आई इंदिराबाई शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आल्या. यांनी हात जोडून त्यांना बसवलं, 'अक्का, अक्का' केलं, फाट्यापर्यंत पोचवायला गेले, आणि परत येऊन सगळा डबा म्हशीपुढं रिता केला. तो डबा घासून सत्यभामाबाईंनीच परत पाठवला. वर निरोप दिला, पोळ्या लई गोड होत्या. त्यांनी एक तुकडाही चाखला नव्हता. ते आठवलं की अजून त्यांना स्वतःच्या जिभेची किळस यायची.

फोनवर आता रत्नपाल आला होता. "मामा, फिरायचं पण ठरवलंय मी. पहिल्या दिवशी कांगारू बघायचे. मग समुद्र. मामींना ट्राममधनं सगळं शहर दाखवू. आणि रविवारी आपल्या घरी जेवण. आमटी-भात मी करणार."

"रविवारचं बाहीरच ठिवा." जावयाचं नाव किशनराव कधी घेत नसत. "बागबीग बघा एखादी. डबा हॉटेलातनंच घिऊ."

"बरं मामा," तो हसून म्हणाला.

त्या हसण्यानं सत्यभामाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला सगळं कळत होतं. तीन वर्षं कळत होतं आणि तरी तो मामा, मामा करत होता.

मग स्नेहाचा आवाज आला. "आप्पा, ती रीत मूल होईपर्यंतच असती ना?"

"व्हय. मूल झालं की मोकळं."

"मग हॉटेल ऱ्हाऊ द्या. मला सहावा महिना चालू हाय. तुमी येईपर्यंत बाळ दोन महिन्यांचं झालेलं असंल. घरीच उतरा."

तिप्पण्णांनी टाळीच वाजवली. "पेढे काढा अण्णा! सुटली की तुमची रीत!"

सत्यभामाबाईंच्या हातातली गवार खाली पडली. सहा महिने! सहा महिने लेकीनं आईला कळवलं नव्हतं. आणि का कळवलं नाहीस म्हणून विचारायला आईला तोंडही उरलं नव्हतं.

किशनराव हसले नाहीत. त्यांनी दाढी खाजवली, हॉटेलच्या फोटोकडं बघत राहिले. मग घसा खाकरला.

"लई चांगलं झालं. असं कर, खोली जरा मोठी घे. बाळाला दुपारचं तिथंच घिऊन येत जा. आमी तिथंच बघू."

"आन् घरी?"

"हॉटेलच बरं."

तिप्पण्णांनी कप बशीत ठेवला आणि ते खाली मान घालून चपला शोधू लागले.

म्हणजे स्वतःच्या नातवंडाचं घरसुद्धा याला चालणार नव्हतं. दोन महिन्यांचं लेकरू उन्हातान्हात हॉटेलात आणायचं, याला दाखवायचं आणि परत न्यायचं. या माणसाच्या ताटात आपण एकोणचाळीस वर्षं वाढत आलो, या विचारानंच सत्यभामाबाईंना शिसारी आली. "शी!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. किशनरावांनी दचकून मागं पाहिलं. नवऱ्याच्या हातातलं काही त्यांनी आजवर कधी ओढून घेतलं नव्हतं. आज फोन ओढून घेतला.

"स्नेहा, मी आई बोलायले."

"बोल की, आई."

"हॉटेल घे. खोली तेवढी एका माणसाची कर."