चौथी वजावट

“खोटं!” सुजितने टेबलावर हात आपटला. “साफ खोटं, मॅडम. मी कुठल्या पक्षाला चहासुद्धा पाजलेला नाही, देणगी कुठली देतोय?”

चिखलीतल्या त्या छोट्याशा ऑफिसात कर सल्लागार उत्कर्षा त्याचं तीन वर्षांपूर्वीचं रिटर्न वाचत होती. ते भरलं होतं रणजीतने. हा रणजीत चाकणला कंपनीच्या गेटसमोर स्कूटरवर लॅपटॉप मांडून बसायचा. शिफ्ट सुटली की कामगार रांग लावायचे, ओटीपी सांगायचे आणि रिफंड आला की त्यातले थोडे पैसे त्याच्या हातावर ठेवायचे. आता आयकर खात्याने कळवलं होतं, खोट्या वजावटी काढा आणि बुडवलेला कर भरा. व्याज-दंड धरून आकडा नव्वद हजारांच्या पुढे गेला होता. रणजीतचा फोन बंद होता.

सुजितचा संताप संताप होत होता. रिफंड खात्यात पडला तेव्हा मात्र त्याला एकही प्रश्न पडला नव्हता.

“घरभाडं, महिन्याला पंधरा हजार?”

“खोटं! कुरुळीत एका खोलीत राहतो आम्ही. चार हजार देतो.”

“शैक्षणिक कर्जाचं व्याज?”

“खोटं! आयटीआय केलंय मी, त्याला कसलं कर्ज? सापडू दे तो, तंगडं मोडतो त्याचं!”

उत्कर्षा एकेका ओळीवर लाल रेघ मारत होती. शेजारी सुजितची बायको दिपाली मांडीवर पर्स धरून बसली होती.

“आता चौथी. दिव्यांग मुलीचा सांभाळ, पंचाहत्तर हजार.”

या वेळी हात आपटला नाही. सुजितने घसा खाकरला. “हेही खोटंच. आम्हाला मूलबाळ नाही. कंपनीत कुणालाही विचारा.”

“रणजीत ही वजावट सगळ्यांनाच लावायचा,” उत्कर्षा म्हणाली आणि तिने पेन उचललं.

दिपालीने कागदावर तळहात ठेवला.

“एवढी ओळ खरी हाय, मॅडम. आमची दिव्या नऊ वर्षांची हाय. चालत नाही, बोलत नाही. दोन वर्षांची होती तवापासून अहमदपूरला माझ्या आईकडं ठेवलीय.”

“दिपाली, गप बस!”

“सात वर्षं गप्पच बसले.” तिने कागदावरचा हात काढला नाही. “लोक काय म्हणतील म्हणून ह्यांनी तिचं दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढू दिलं नाही. वजावट नका देऊ, मॅडम. पैसे भरू आम्ही. पण खोटी म्हणून तिच्यावर रेघ मारू नका.”

उत्कर्षाने पेन खाली ठेवलं. दिपाली नवऱ्याकडे वळली.

“त्या भामट्यानं न बघता पोर कागदावर लिहिली. तुम्ही तिला कडेवर खेळवलंय, अन् खोटं म्हणता?”