मतदान घ्या, अण्णा

इंदिरानगरात मोफत संगणकवर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाची वार्षिक सभा होती. बारा वर्षं अध्यक्ष असलेल्या गिरीधरअण्णांनी यंदाही माइकवरून स्वतःचंच नाव जाहीर केलं. तीन वर्षं वर्गांचा सगळा भार उचलणारी मथुरा उठली. “अण्णा, यंदा मतदान घ्या. मीही उभी आहे.” “जरा धीर धर, मथुरा. अजून लहान आहेस.” “एक्केचाळीस वर्षांची आहे, अण्णा!” लोक हसले, तसा अण्णांनी चिडून माइक बंद केला. मथुरा खुर्चीवर चढली. “मतदान हवं असेल त्यांनी हात वर करा!” आधी दोन हात उठले, मग जवळजवळ सगळे. तासाभरात मथुरा निवडून आली. “अक्का, आता दहा वर्षं तुम्हीच!” कुणीतरी ओरडलं. तिनं मात्र फळ्यावर पुढच्या वर्षीच्या निवडणुकीची तारीख लिहिली. “अण्णा, तेव्हा तुम्हीही उभे राहा.”