कंपनीचा स्कोअर

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. मागच्या खोलीतलं हे उभं मशीन मी वीस वर्षांपूर्वी भंगारातून आणून चालू केलं. त्याच्या स्कोअरच्या यादीत दुसरा नंबर माझा. पहिल्या नंबरावर नऊ लाख चाळीस हजार, आणि नावाच्या जागी नुसतं ए ए ए, म्हणजे कुणी नाव टाकलेलंच नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी छातीठोकपणे सांगायचो, "तो आकडा कंपनीनेच भरलेला असतो. माणसाच्या हातून होणारा नाही तो. माणसांची यादी माझ्यापासून सुरू होते."

रविवारी मशीनची आतली बॅटरी बदलली. तिच्यावरच ही यादी टिकते, त्यामुळे माझा नंबर पुसला जाणार हे ठाऊक होतं. कंपनीचा तेवढा आपोआप परत येणार होता. मशीन चालू केलं. पहिल्या नंबरावर ए ए ए आलं, पण पुढे आकडा दहा हजार.

मी पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसलो. बायको धुवायचे कपडे घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघून थबकली.

"पुसलात होय माझा स्कोअर?"

"तुझा?"

"पहिल्याच आठवड्यातला. नाव कसं टाकायचं ते काही कळलं नाही मला. आणि मग तुम्ही ते कंपनीचं पुराण लावलंत, म्हटलं चालू दे."

तिने कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि माझ्या स्टुलापाशी आली.

"सरका. हे धुऊन होईपर्यंत करून देते परत."