एकट्याने वाकणं

“रयतेच्या वतीने मी एकटा वाकेन,” मलायातल्या त्या छोट्या राज्याचे सुलतान म्हणाले.

जपानी सम्राटाच्या दिशेने, पूर्वेकडे वाकायला लोकांनी नकार दिला होता. अल्लाशिवाय कुणापुढेही वाकायचं नाही, असं त्यांना सांगणारा इमाम आता जपानी कर्नलच्या कैदेत होता.

“बिगुल वाजेपर्यंत वाकून राहा आणि तुमचा इमाम घेऊन जा,” कर्नल म्हणाला. “लोकांना मी चकार शब्द बोलणार नाही.”

सुलतानांना वाटलं, स्वस्तात सुटलो. लाज काय ती आपल्या एकट्याची.

राजवाड्यासमोरचं मैदान भरलं. पूर्वेकडे तोंड करून सुलतान कमरेत वाकले, तशी मागे एकदम सळसळ झाली. त्यांनी वाकल्या वाकल्या काखेखालून पाहिलं. म्हातारेकोतारे, बायाबापड्या, सगळ्यांनी जमिनीला कपाळ टेकलं होतं. राजाच्या डोक्यापेक्षा कुणाचं डोकं वर दिसता कामा नये, ही रीत त्यांच्या पणजोबांच्याही आधीची.

“हुजूर, उठा हो!” दिवाण जमिनीवरूनच कळवळले. “तुम्ही उठल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही.”

बिगुलवाल्याने बिगुल ओठांना लावला.

“थांब,” कर्नल म्हणाला. “घाई कसली?”